“शलमोन नाही, दावीद केलास तू” म्हणजे काय? (मल्टीतल्या सीपेजचं भांडण)

फसलेला_सचिव, इंदूर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे. बायबल वाचलेल्या कोणी उत्तर दिलं तर फार बरं होईल, पण आधी किस्सा सांगावा लागेल, त्याशिवाय काही कळणार नाही.

मी राजेंद्र नगर साइडला एका मल्टीत राहतो, सोळा फ्लॅट, त्यातली सहा घरं मराठी, बाकी सरमिसळ. एप्रिलच्या मीटिंगमध्ये मी चहा घ्यायला उठलो तेवढ्यात मला रहिवासी संघाचा सचिव करून टाकलं. पहिले दोन महिने टँकर, लिफ्ट, कुत्र्यांवरून वाद, नेहमीचंच. मग पाऊस लागला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बोलावलं. एकट्या असतात, मुलगा पुण्यात. बेडरूमच्या छताला हा एवढा पिवळा डाग, पोपडे सुटलेले, पलंगावर गादीवरून प्लास्टिक पसरलेलं. म्हणाल्या वरच्यांच्या बाथरूममधून गळून राहिलंय, सहा महिने सांगतेय, ते ढुंकून बघत नाहीत. मी बसलो, गरम पोहे आले, वर जीरावन, बारीक सेव, लिंबू पिळून, आणि काकू सांगत होत्या की रात्री टप टप आवाज येतो तेव्हा झोप लागत नाही. मला खरंच वाईट वाटलं हो. तिथंच बसून, प्लेट मांडीवर ठेवून, ग्रुपवर मेसेज टाकला की तिसऱ्या मजल्याने दुरुस्तीचे २८,००० रुपये आठ दिवसांत भरावेत.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे भाईसाब आले, फाइल घेऊन. त्यांनी मार्चमध्येच बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून घेतलंय, बिल आहे, फोटो आहेत, आणि त्यांचा प्लंबर म्हणाला होता की पाणी शाफ्टमधल्या पाइपावरून उतरत असेल. फाइल बंद करून एवढंच म्हणाले, “आपने हमसे पूछा तक नहीं।”

आता मी गडबडलो. तिकडे काकूंना शब्द दिलेला, इकडे बिल समोर. मग म्हटलं जाऊ दे यार, दोघंही अर्धं-अर्धं भरा, चौदा-चौदा हजार, मिटवून टाका. मला वाटलं काय समजूतदार निर्णय दिलाय. रिझल्ट असा की काकू आता माझ्याशी बोलत नाहीत आणि भाईसाब लिफ्टमध्ये मी असलो तर जिन्याने जातात.

पहिल्या मजल्यावर एक मावशी राहतात, रिटायर्ड टीचर, नगरकडच्या, मराठी ख्रिश्चन. जिन्यात भेटल्या तर मी गमतीत म्हटलं, मावशी, आज मी सॉलोमनसारखा न्याय केला. त्यांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, हसल्या आणि म्हणाल्या, “शलमोन नाही रे, दावीद केलास तू.” आणि दार लावून घेतलं.

म्हणजे काय? ते मूल कापायला सांगणाऱ्या राजाची गोष्ट मला शाळेपासून माहीत आहे. दावीद म्हणजे गोफणीने राक्षस मारणारा ना? तो तर हीरो. मग हा टोमणा होता का कौतुक? आणि दुसरं, बायबलमध्ये असं माणसं सांभाळायचं, न्याय करायचं अजून काय काय आहे? मावशींना परत विचारायची लाज वाटतेय.

---

भिया_पलासिया

चहाला उठलात तिथंच चूक झाली भिया. बाकी पोहे कसे होते ते लिहा.

---

केडगावची_सून

दादा, टोमणाच होता, पण प्रेमाचा. आणि मावशी फार बारीक वाचणाऱ्या दिसतात, कारण ही गोष्ट चर्चमध्ये नियमित जाणाऱ्यांनाही पटकन आठवत नाही. माझ्या सासूबाई रोज रात्री जेवणं झाली की पंडिता रमाबाईंच्या भाषांतरातलं मोठ्याने वाचायच्या आणि मी भांडी घासता घासता ऐकायचे, म्हणून माझ्या डोक्यात बसलीय.

बायबलातल्या ‘दुसरे शमुवेल’ या पुस्तकात आहे. दावीदाचा जिवलग मित्र योनाथान, तो लढाईत मेला. त्याचा मुलगा मफीबोशेथ, पाच वर्षांचा असताना बातमी ऐकून दाई त्याला उचलून पळाली, पळताना तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. दावीदाने राजा झाल्यावर त्याला शोधून काढलं, आजोबांची, म्हणजे शौल राजाची, सगळी जमीन परत दिली, आणि जमीन कसायला शौलाचाच जुना नोकर सीबा लावून दिला. या सीबाला पंधरा मुलं आणि वीस चाकर, म्हणजे गडी साधा नव्हता.

पुढे दावीदाचा मुलगा अबशालोम उलटला, दावीद जीव घेऊन यरुशलेम सोडून डोंगर चढतोय, थकलाय, आणि समोरून सीबा येतो. दोन गाढवं, त्यांवर दोनशे भाकरी, मनुकांचे शंभर घड, उन्हाळी फळं, द्राक्षारसाचा बुधला. राजा विचारतो, तुझा मालक कुठाय? सीबा म्हणतो, तो तिकडे राजधानीतच बसलाय, म्हणतो आता राज्य मला परत मिळेल. झालं. दावीद तिथंच उभ्या उभ्या म्हणतो, मफीबोशेथाचं जे काही आहे ते सगळं आता तुझं.

भाकऱ्या दोनशे होत्या, तुमच्याकडे पोह्यांची एक प्लेट होती, एवढाच फरक.

मग बंड मोडलं, राजा परत आला, आणि मफीबोशेथ भेटायला आला. तो कसा आला ते बघा. राजा गेला त्या दिवसापासून त्याने पायांची निगा राखली नव्हती, दाढीमिशी नीट केली नव्हती, कपडे धुतले नव्हते. म्हणाला, महाराज मी लंगडा, गाढवावर खोगीर घाल असं नोकराला म्हटलं, त्याने मला फसवलं आणि वर तुमच्याकडे माझी चहाडी केली. आता इतका पुरावा डोळ्यांसमोर उभा, धूळभरला, आणि दावीद काय म्हणतो? आता आणखी कशाला बोलतोस, तू आणि सीबा जमीन वाटून घ्या.

अर्धं-अर्धं!

मफीबोशेथ म्हणाला, त्यालाच सगळी घेऊ द्या, माझा राजा सुखरूप आला मला एवढं पुरे. या उत्तरावर राजाने काय केलं ते तिथं लिहिलेलंच नाही, गोष्ट तिथंच संपते. सासूबाई इथं आल्या की पुस्तक मिटून थोडा वेळ बसायच्या.

---

फसलेला_सचिव

ताई मी लिफ्टमध्ये वाचत होतो, मजला चुकला. “आता आणखी कशाला बोलतोस” हे तर मी भाईसाबना शब्दशः म्हटलंय, हिंदीत. पण एक शंका, शलमोनाने पण तर अर्धं-अर्धंच सांगितलं ना, मूल कापा म्हणून? मग त्याचं बरोबर आणि दावीदाचं चूक कसं?

---

काळाकोट_निवृत्त

सचिवसाहेब, हा प्रश्न चांगला विचारलात. मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात बत्तीस वर्षं वकिली केली, ख्रिश्चन नाही, पण हा भाग आम्हा लोकांनी वाचायलाच हवा असा आहे.

शलमोनाच्या गोष्टीत सगळ्यांना तलवार आठवते. तलवारीच्या आधीचं वाक्य कोणी वाचत नाही. १ राजे, अध्याय ३. दोन बायका, एकाच घरात राहणाऱ्या, दोघी वेश्या, म्हणजे ज्यांचं ऐकायला कोणी मोठा माणूस बसणार नाही अशा. घरात तिसरं कोणी नव्हतं, साक्षीदार शून्य. दोघी आपापलं सांगतात, भांडतात. आणि मग राजा काय करतो? तो दोघींचं म्हणणं परत बोलून दाखवतो. ही म्हणते जिवंत मुलगा माझा, मेलेला तुझा. ती म्हणते नाही, मेलेला तुझा, जिवंत माझा. चांगला जज निकालाच्या सुरुवातीला हेच लिहितो, वादीचं म्हणणं असं, प्रतिवादीचं असं. त्यानंतर तलवार मागवली. ती वाटणी करायला नव्हतीच, कोण काय बोलतं ते बघायला होती. खरी आई म्हणाली तिला द्या पण मारू नका. दुसरी म्हणाली, कापा. निकाल लागला.

म्हणजे अर्धं-अर्धं हा शलमोनासाठी प्रश्न होता, दावीदासाठी उत्तर झालं. आणि ताईंनी सांगितलेल्या गोष्टीतला मफीबोशेथ जे बोलला, त्यालाच सगळं घेऊ द्या, ते त्या आईच्याच वाक्याचं भावंड आहे बघा. दावीदाने कान दिला असता तर त्याला तिथंच कळलं असतं जमीन कोणाची ते.

त्याच अध्यायात जरा आधी गिबोनात शलमोनाला स्वप्न पडतं, देव म्हणतो माग काय हवं ते. तो आयुष्य मागत नाही, पैसा मागत नाही, शत्रूंचा जीव मागत नाही. मूळ हिब्रूत शब्द आहेत ‘लेव शोमेआ’, सरळ अर्थ ऐकणारं मन. बहुतेक भाषांतरात ते ज्ञानी, विवेकी असं काहीतरी होतं आणि तो कान गळून जातो.

नीतिसूत्रांच्या १८व्या अध्यायात दोन ओळी आहेत, एक अशी की ऐकण्याआधी उत्तर देणं म्हणजे मूर्खपणा आणि वर लाज, आणि दुसरी अशी की जो आधी येऊन फिर्याद मांडतो तोच खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची उलटतपासणी घेईपर्यंत. तुमच्या केसमध्ये काकू आधी आल्या, बस.

आणि एक गंमत सांगतो, लॉ कॉलेजात आम्हाला नैसर्गिक न्याय शिकवताना १७२३ चा इंग्लंडचा एक खटला शिकवायचे, केंब्रिज विद्यापीठाने डॉ. बेंटली नावाच्या विद्वानाच्या पदव्या त्याचं न ऐकता काढून घेतल्या होत्या. त्यातला एक न्यायाधीश म्हणाला की देवानेसुद्धा आदामाला शिक्षा करण्याआधी त्याची बाजू मांडायला बोलावलं. उत्पत्तीत आहेच ते, आदामा तू कुठे आहेस, ज्या झाडाचं खाऊ नको म्हटलं त्याचं खाल्लंस का. आता देवाला माहीत नव्हतं का कुठे आहे ते! तरी विचारलं. तुम्हाला तर वरच्या मजल्यावर एक बेल मारायची होती.

---

शंकासुर

सगळं ठीक पण शलमोनाला एवढं डोक्यावर घ्यायची गरज नाही. पुढे वाचा की. याच ज्ञानी राजाला सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी, देवाचं मंदिर सात वर्षांत आणि स्वतःचा वाडा तेरा वर्षांत, लबानोनात लाकडं तोडायला तीस हजार माणसं वेठीला, दर महिन्याला दहा-दहा हजारांची पाळी. बायबलातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, १७व्या अध्यायात, राजाने काय करू नये याची यादी आहे, घोडे फार वाढवू नये, बायका फार करू नये, सोनं-चांदी फार साठवू नये. साहेबांनी तिन्ही केलं. त्याच यादीत असंही आहे की राजाने नियमशास्त्राची नक्कल करून घेऊन आयुष्यभर रोज वाचावी, म्हणजे त्याचं मन आपल्या भाऊबंदांपेक्षा वर चढणार नाही.

आणि पोरगा रहबाम, त्याचा किस्सा तर आपल्याकडच्या कुठल्याही मंडळात फिट बसेल. लोक आले, म्हणाले तुमच्या वडिलांनी फार जड जू लादलं, थोडं हलकं करा. हा म्हणाला तीन दिवसांनी या. वडिलांच्या काळातले म्हातारे म्हणाले, आज तू यांचा चाकर हो, गोड बोल, हे कायमचे तुझे होतील. ते आवडलं नाही म्हणून आपल्याबरोबर वाढलेल्या दोस्तांना विचारलं. दोस्त म्हणाले, सांग माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड आहे, बापाने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन. हा जाऊन खरंच तसं बोलला! बारापैकी दहा वंश गेले, परत आलेच नाहीत. वर वेठबिगारीवरच्या मुकादमाला तिकडे पाठवला, त्याला लोकांनी दगडांनी ठेचला.

आता ऐका, हे माझं नाही, ज्यू लोकांच्या तालमुद या धर्मग्रंथात आहे. दावीद ज्या क्षणी म्हणाला तू आणि सीबा जमीन वाटून घ्या, त्या क्षणी आकाशवाणी झाली की रहबाम आणि यराबाम (फुटून गेलेल्या दहा वंशांचा राजा) राज्य वाटून घेतील. शलमोन दावीदाचाच मुलगा, म्हणजे नातवाच्या काळात राज्य फुटलं त्याचं मूळ त्या आळशी निकालात आहे असं त्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मपंडितांना, वाटलं. मी देवबिव मानत नाही, पण हे वाचून जरा थंड पडलो होतो.

---

भिया_पलासिया

भिया म्हणजे तुमच्या नातवाच्या टायमाला मल्टीच्या दोन मल्ट्या होणार.

---

मांडवी_बडोदा

मी वडोदऱ्याहून. आमच्या मराठी मंडळाचं काम पाच वर्षं केलंय, आता सुटले एकदाची. सचिवभाऊ, वकीलकाकांचं बरोबर आहे पण एका गोष्टीवर माझं थोडं भांडण आहे. काकू एकट्या, मुलगा लांब, त्यांच्या बाजूने कोणी बोलायला हवंच होतं ना? नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात लमुएल राजाला त्याची आई सांगते, राजांनी दारू पिऊन गरिबाचा हक्क विसरू नये, ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड. (हो, हा सल्ला आईचा आहे, पुढचं सगळं सद्गुणी बायकोचं वर्णन सगळ्यांना पाठ असतं आणि हे मात्र नाही.) मग भाऊने केलं त्यात वाईट काय?

दुसरं, सगळं एकट्याने करायचंच कशाला? निर्गम १८ वाचा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेला, लोक रांगेत ताटकळत. सासरा आला, इथ्रो, बाहेरगावचा पाहुणा, एक दिवस बघितलं आणि सरळ सांगितलं, जावईबापू तुम्ही करताय हे बरं नाही, तुम्हीही झिजाल आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. कशी माणसं? लायक, देवाला भिणारी, विश्वासू, आणि लाचेचा तिटकारा असलेली. छोटं त्यांनी सोडवायचं, अवघड तेवढं तुझ्याकडे. मी हे वाचून मंडळात प्रत्येक गल्लीला एक अशी माणसं नेमली तेव्हा कुठे माझं जेवण वेळेवर व्हायला लागलं. तुमच्याकडे सोळा घरं आहेत, दोन माणसं सोबत घ्या आणि छत बघायला तिघं जा.

आणि अबशालोमाकडे लक्ष ठेवा. बंडाच्या आधी तो रोज पहाटे वेशीच्या वाटेवर उभा राहायचा, तक्रार घेऊन येणाऱ्याला म्हणायचा, तुझं म्हणणं खरं आहे रे पण राजाकडे ऐकायला कोणी नाही, मी न्यायाधीश असतो तर. कोणी पाया पडायला आला की हात धरून मुका घ्यायचा. असा माणूस प्रत्येक सोसायटीत असतो.

---

फसलेला_सचिव

आहे ना ताई! आमचा पार्किंगवाला. कालपासून वेगळा ग्रुप काढलाय त्याने, नाव ठेवलंय “न्याय”. मला ॲड नाही केलं.

---

काळाकोट_निवृत्त

मांडवीताई, भांडण मान्य. पण लेवीय १९:१५ सोबत ठेवून वाचा, तिथं म्हटलंय गरिबाचा पक्षपात करू नको आणि थोराचं तोंड बघून निकाल देऊ नको, दोन्ही एकाच श्लोकात. थोराचं तर सगळे सांगतात, गरिबाचं सांगणारं फार थोडं. मला वाटतं तुम्ही म्हणता ते तोंड उघडणं म्हणजे काकूंचं म्हणणं मीटिंगपर्यंत पोचवणं, त्यांना खुर्ची मिळवून देणं, वरच्यांना बोलवून घेणं. पण एकदा निकालाला बसलात की मग डाग कुठून आला एवढंच बघायचं, काकू एकट्या आहेत हे बाजूला. सचिवसाहेबांनी दोन्ही कामं एका प्लेटीवर केली, तिथं घोळ झाला.

आणि तडजोडीला मी वाईट म्हणत नाही बरं का, नाहीतर म्हणाल वकिलाला भांडणच हवं. लोकअदालतीत कितीतरी केसेस मी स्वतः मिटवल्यात, १९८७ चा कायदाच आहे त्याचा, आणि तिथला निवाडा अंतिम, अपील नाही. पण तो दोघांच्या राजीखुशीने होतो. दोघांना समोर बसवून, दोघं म्हणाले चला अर्धं-अर्धं, तर ती तडजोड. तुम्ही कंटाळून, तोंड लपवायला वरून लादलंत तर ती नाही. तुमच्या चौदा हजारात ना काकूंची सही ना भाईसाबची.

---

रामबाग_आजोबा

आपल्याकडे बाहेर कशाला जायचं, अहिल्याबाई होत्याच की. बायबल थोर असेल, पण इंदूरच्या माणसाने आधी आपलं घर बघावं. मुलाच्या रथाखाली वासरू मेलं म्हणून त्या गाईच्या न्यायासाठी स्वतःच्या मुलालाच रथाखाली घालायला निघाल्या होत्या, असा न्याय कुठे आहे?

---

शंकासुर

आजोबा ती लोककथा आहे, त्यांचा मुलगा मालेराव १७६७ मध्ये आजारपणात गेला.

---

रामबाग_आजोबा

असेल लोककथा. जी लोककथा नाही ती सांगतो. जॉन माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी, बाई गेल्यावर माळव्यात होता, जुन्या लोकांना विचारून त्याने माळव्यावर जे लिहिलं ते १८२३ मध्ये छापलं, त्यात आहे की बाई रोज उघड्या दरबारात बसून कामकाज बघायच्या आणि गाऱ्हाणी स्वतः ऐकायच्या. पडद्याआड नाही. १७९५ पर्यंत, जवळजवळ तीस वर्षं. आणि एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला, बाईंनी तो सगळा शांतपणे ऐकून घेतला, म्हणाल्या मी एक दुबळी पापी बाई, मला ही स्तुती शोभत नाही, आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितला. लेखकाची पुढे विचारपूससुद्धा केली नाही म्हणे.

नीतिसूत्रांत पण आहे ना असं, गोड बोलणारा पायात जाळं टाकतो म्हणून? नात कॉन्व्हेंटला जाते, तिने सांगितलं. म्हणजे ऐकणं दोन्हीकडे आहे आणि ग्रंथ पाण्यात टाकणंही हवं. पोहे खावेत, पण निकाल हात धुवून द्यावा.

---

केडगावची_सून

आजोबा, नातीला माझ्याकडून चॉकलेट. ते २९व्या अध्यायात आहे, आणि त्याच अध्यायात पुढे आहे की राजा खोट्याकडे कान देतो असं दिसलं की त्याचे सगळे नोकर बिघडतात. कारण त्यांना कळतं इथं काय चालतं ते.

सचिवदादा, मावशींनी दावीदच म्हटलं हे नशीब समजा. नाथान काढला असता तर पळता भुई थोडी झाली असती.

---

फसलेला_सचिव

आता हा नाथान कोण?

---

केडगावची_सून

संदेष्टा. दावीदाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत पुढे ठेवून मारवला, तेव्हा नाथान दरबारात आला आणि एक केस सांगितली. एका गावात एक श्रीमंत, ढीगभर गुरंमेंढरं. एक गरीब, त्याच्याकडे एकच मेंढीचं पिल्लू, त्याच्या ताटातलं खाणारं, मांडीवर झोपणारं, मुलीसारखं. श्रीमंताकडे पाहुणा आला तर याने स्वतःची सोडून त्या गरिबाची मेंढी कापली. दावीद भडकला, म्हणाला हा माणूस मरायच्या लायकीचा आहे, चौपट भरून दे. नाथान म्हणाला, तूच तो माणूस.

तर केस दुसऱ्याची वाटतेय तोपर्यंत सगळ्यांचाच निकाल कडक असतो.

---

फसलेला_सचिव

अपडेट देतो, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून.

शनिवारी ग्रुपवर लिहिलं की माझे दोन्ही मेसेज चुकीचे होते, २८,००० वाला पण आणि चौदा-चौदा वाला पण, दोन्ही रद्द. टाइप करायला पाऊण तास लागला, बायको म्हणाली लग्नाचा बायोडाटा पण एवढा वेळ नव्हता लागला. पार्किंगवाल्याने अंगठा टाकला, त्याचा अर्थ अजून कळलेला नाही.

मांडवीताईंचं ऐकून दोघांना सोबत घेतलं, मावशी आणि आमच्या बाजूच्या फ्लॅटमधले एक रिटायर्ड इंजिनीअर. काकूंकडे गेलो, भाईसाबना पण तिथंच बोलावलं, ते पहिल्यांदाच त्या खोलीत आले होते. छताकडे बघून एकदम गप्प झाले. म्हणाले, “आंटी, इतना है ये मुझे पता नहीं था।” काकूंनी बिल हातात घेऊन चष्मा लावून वाचलं, तारीख दोनदा वाचली. मी काही बोललो नाही. मावशींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की तू फक्त दोघांचं म्हणणं परत बोलून दाखव, निकालबिकाल देऊ नको. तसं केलं. ही म्हणते असं, हे म्हणतात असं. अर्ध्या वेळेला काकूच मला दुरुस्त करत होत्या, “तसं नाही म्हटलं मी, मार्चच्या आधी जास्त गळायचं असं म्हटलं.” हे मार्चच्या आधीचं तर मला पहिल्यांदा कळलं! म्हणजे वॉटरप्रूफिंगने थोडं थांबलं होतं, पूर्ण नाही, आणि उरलेलं पाणी दुसरीकडून येतंय.

पोहे आले, मी प्लेट बाजूला ठेवली तर मावशी म्हणाल्या खा रे, आज सगळ्यांना दिलेत.

इंजिनीअरकाकांनी आयडिया दिली, कपड्यांची नीळ. एकेका बाथरूममध्ये नीळ घातलेलं पाणी सोडायचं आणि काकूंच्या छताला निळं फुटतं का बघायचं. रविवारी तिसऱ्या मजल्यावर भाईसाबनी स्वतः बादली ओतली, पूर्ण दोन बादल्या. सोमवार गेला, मंगळवार गेला, डाग पिवळाच. काकूंनी स्वतःहून वर जाऊन भाईसाबच्या मिसेसला सांगितलं, आणि येताना तिकडून वाटीभर खीर घेऊन आल्या.

प्लंबर म्हणाला शाफ्टमध्ये जी लाइन आहे तिच्यावर फक्त तिसरा आणि चौथा मजला आहे. मधला कॉमन पाइप फुटला असेल तर खर्च संघाचा, आणि कोणाच्या बाथरूमच्या जोडातून येत असेल तर त्या घराचा. तर आता उद्या सकाळी चौथ्या मजल्यावर नीळ ओतायची आहे. काकू सात वाजताच टॉर्च घेऊन बसणार आहेत असं कळलं.

चौथ्यावर मी राहतो.

केडगावच्या ताई, प्लीज काही लिहू नका.

---

केडगावची_सून

मी कुठे काय म्हटलं दादा.

---

भिया_पलासिया

भिया नीळ कमी पडली तर सांगा, इथून दोन डब्या पाठवतो.